फिरत्या घराच्या अत्यावश्यक सोयी : कॅराव्हॅन, व्हॅनिटी व्हॅन आणि मुंबईची उपनगरे

प्रस्तावना

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठीत अस्थिरतेची आणि बहुधा दारिद्र्याची द्योतक आहे. घर बरोबर घेऊन हिंडणे हे भटक्या जमातींच्या, नारायणगावाहून गावोगावच्या जत्रांना निघणाऱ्या तमाशाच्या फडांच्या आणि ट्रकमध्ये तंबू व प्रक्षेपक लादून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या वाट्याला आलेले जगणे होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आणि तेच पाठीवरचे बिऱ्हाड मध्यमवर्गाच्या हौसेचा विषय झाले. झोपणे, स्वयंपाक आणि शौच या तिन्हींची सोय असलेले वाहन म्हणजे कॅराव्हॅन, अशी तिची ढोबळ व्याख्या करता येईल. स्वतःचे इंजिन असलेली मोटर कॅराव्हॅन आणि मोटारीमागे जोडून ओढत न्यावयाचा ट्रेलर हे तिचे दोन प्रमुख प्रकार होत. आपल्याकडे पहिला प्रकारच प्रामुख्याने आढळतो.

अशा वाहनात कोणत्या सोयी अपरिहार्य आहेत, कोणत्या नंतर जोडता येतात आणि कोणत्या निव्वळ दिखाऊ आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात मुंबई उपनगरांच्या संदर्भात केला आहे. हा संदर्भ निवडण्यास कारण आहे. अमेरिका वा युरोपातील याद्या डोळ्यांपुढे ठेवून वाहन सजवले जाते. परंतु दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस, अरुंद रस्ते आणि मलजल रिकामे करण्याच्या जागांचा अभाव या गोष्टी त्या याद्यांत नसतात. खरेदीदाराच्या नजरेत भरणाऱ्या सोयी आणि प्रवाशाचा जीव व आरोग्य राखणाऱ्या सोयी या बहुतांशी वेगवेगळ्या असतात. दुसऱ्या प्रकारच्या सोयी फरशीखाली, छतावर आणि भिंतींच्या आत दडलेल्या असतात. आणि त्यांतील एक तर वाहनात बसवताच येत नाही, ती शहरानेच पुरवावी लागते.

उपनगरांतील पूर्वानुभव : व्हॅनिटी व्हॅन

कॅराव्हॅन हा शब्द नवा असला तरी चाकांवरची खोली उपनगरांना नवी नाही. गोरेगावची चित्रनगरी १९७७ मध्ये स्थापन झाली. तिच्याही आधीपासून गोरेगावला फिल्मिस्तान आणि अंधेरीला फिल्मालय यांसारखे स्टुडिओ होते. स्टुडिओच्या आवारात कलावंतांना निदान खोली मिळे. बाह्यचित्रीकरणात मात्र आडोशाला धरलेल्या चादरीमागे कपडे बदलावे लागत आणि प्रसाधनासाठी जवळच्या घरांचे दार ठोठवावे लागे. स्त्री-कलाकारांची यातील कुचंबणा सांगणाऱ्या आठवणी विपुल आहेत. व्हॅनिटी व्हॅन हिंदी चित्रपटसृष्टीत रुजवण्याचे श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लों यांना दिले जाते, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ‘व्हॅनिटी’ या नावाने चैन सूचित होते. मूळ गरज मात्र न्हाणीघर आणि बंद होणारे दार एवढीच होती.

आज अंधेरी, गोरेगाव, मालाड परिसरात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या या गाड्या नित्याच्या झाल्या आहेत. गाडीचे आडवे भाग पाडून दोन किंवा तीन खोल्या केलेल्या असतात. प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार, वातानुकूलन, दिव्यांच्या चौकटीचा आरसा, बसण्याची बैठक आणि एक लहानसे प्रसाधनगृह असते. वीज बहुधा चित्रीकरणाच्या जनरेटर गाडीतून घेतली जाते, पाणी भरून आणले जाते आणि मैला गाडीखालच्या टाकीत साठतो. गाडीबरोबर चालक आणि देखरेखीचा माणूस असतो. या माणसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण सारी व्यवस्था त्याच्यावरच चालते. टाकी कधी भरली, कोणता पंप आवाज करू लागला, कोणत्या गळतीमुळे प्लायवूड फुगले, हे त्यालाच ठाऊक असते.

या वाहनांच्या उपयुक्ततेचा खरा कस २०२० मध्ये लागला. टाळेबंदीमुळे चित्रीकरणे थांबली आणि व्हॅन जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांपैकी काही मुंबई पोलिसांच्या, विशेषतः नाकाबंदीवर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या महिला पोलिसांच्या विश्रांतीसाठी व प्रसाधनासाठी देण्यात आल्या. आरसा, दिवे, गुबगुबीत खुर्ची यांचा त्या वेळी काहीच उपयोग नव्हता. उपयोग झाला तो पाण्याच्या टाकीचा, फ्लशचा आणि आतून लागणाऱ्या कडीचा. कोणती सोय अत्यावश्यक व कोणती नाही, याची याहून स्पष्ट निवड एखाद्या पाहणीतूनही हाती आली नसती.

व्हॅनिटी व्हॅनचा अनुभव कॅराव्हॅनला जसाच्या तसा लागू करता येत नाही. व्हॅनिटी व्हॅन माणसांविना धावते आणि माणसे असताना उभी असते. कॅराव्हॅनमध्ये माणसे धावत्या गाडीत बसतात आणि उभ्या गाडीत झोपतात. त्यामुळे पहिलीत चालून जाणारा जड आरसा, सुटे फर्निचर, भिंतीवर टांगलेला दूरदर्शन संच या वस्तू दुसरीत, जोरात ब्रेक लागताच, अस्त्रे बनतात. प्रत्येक कपाटाला पक्की खिट्टी, प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक प्रवाशाला वाहनाच्या सांगाड्यात घट्ट बसवलेल्या आसनावरचा पट्टा ही कॅराव्हॅनची पहिली अट ठरते. धावत्या गाडीत पलंगावर आडवे होण्याची जाहिरातींतली कल्पना मोहक आहे. ती तितकीच घातक आहे.

कायद्याची चौकट

जुनी प्रवासी गाडी घेऊन स्थानिक कारागिराकडून ती हवी तशी बदलून घेण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलांसाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद झाली. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. वाहन मानकाबरहुकूम असल्याचे प्रमाणपत्र आणि नोंदणीपुस्तकातील योग्य नोंद ही दिसायला नीरस कागदपत्रे होत. पण ती नसतील तर अपघातानंतर विम्याचा दावा टिकत नाही. खासगी वापराची कँपर व्हॅन किंवा ट्रेलर यांचा समावेश केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत परिवहनेतर वाहनांत केला आहे. तीच गाडी भाड्याने द्यावयाची झाल्यास नियम बदलतात.

हवा : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सोय

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याने हे मृत्यू झाल्याचे कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीतून पुढे आले. गाडी वातानुकूलित होती. खिडक्या बंद होत्या. सुखसोयींच्या दृष्टीने तिच्यात उणे काढावे असे काही नव्हते.

हा वायू रंगहीन, गंधहीन आहे. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोके जड होणे आणि सुस्ती ही त्याची पहिली लक्षणे असून झोपलेल्या माणसाला ती जाणवतच नाहीत. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र ही कॅराव्हॅनमधील पहिली खरेदी असली पाहिजे. पलंगाच्या उंचीवर बसवलेले आणि वेगळ्या बॅटरीवर चालणारे हे छोटे यंत्र वाहनाच्या एकूण किमतीच्या मानाने नगण्य खर्चाचे आहे. जनरेटर राहत्या भागापासून पूर्णतः वेगळ्या, बाहेर उघडणाऱ्या कप्प्यात असावा. त्याच्या धुराची नळी गाडीच्या कडेपलीकडे निघावी. फरशीतून तारा वा नळ नेण्यासाठी पाडलेले प्रत्येक छिद्र बुजवलेले असावे. कारागीर ही छिद्रे सोयीनुसार पाडतात आणि नंतर त्यांवर गालिचा अंथरला जातो. गाडी ताब्यात घेताना गालिचा उचलून पाहणे हे असभ्य समजू नये.

स्वयंपाकाच्या गॅसचा स्वभाव याच्या उलट आहे. तो हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. सिलिंडरचा कप्पा आतून हवाबंद असावा, त्याच्या तळाशी बाहेर उघडणारे भोक असावे आणि गॅसचा इशारा देणारे यंत्र फरशीपासून वीतभर उंचीवर असावे. हे यंत्र छताजवळ बसवलेले आढळल्यास बसवणाऱ्याला त्यामागील कारण ठाऊक नव्हते असे समजावे. विजेची शेगडी वापरून गॅस टाळण्याचा मार्ग सुरक्षित आहे. पण त्याचा भार विजेवर येतो, आणि विजेचा हिशेब फारच थोडे लोक करतात.

विजेचा हिशेब

एक टनाचे वातानुकूलन यंत्र चालताना सुमारे १.२ किलोवॉट वीज घेते. ते अधूनमधून थांबते हे धरूनही आठ तासांच्या रात्रीला साधारण सहा युनिट लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १.८ युनिट साठतात. परंतु ती निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर निकामी होते, म्हणून हाती ०.९ युनिटच येतात. याचा अर्थ एका रात्रीसाठी अशा सहा-सात बॅटऱ्या, म्हणजे जवळजवळ तीनशे किलो ओझे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीने हे वजन बरेच घटते, किंमत वाढते. ती भरावयाची कशी हा प्रश्न उरतोच. छतावरील ४०० वॉटचे सौरपॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास वीज देते. जुलै महिन्यात मुलुंडच्या आकाशाखाली यातील निम्मी मिळाली तरी समाधान मानावे.

तेव्हा सौरऊर्जेवर रात्रभर वातानुकूलन हा दावा गणितात टिकत नाही. वातानुकूलन हवे असेल तर बाहेरची वीज जोडावी लागेल किंवा जनरेटर चालवावा लागेल; आणि जनरेटरचा धोका वर आलाच आहे. याउलट २५ वॉटचा छतावरचा पंखा रात्रभर चालून ०.२ युनिट घेतो. छोटा शीतकपाट, एलईडी दिवे, पाण्याचा पंप, भ्रमणध्वनी या सर्वांना मिळून दिवसाला एक-सव्वा युनिट पुरते. हे एका मध्यम बॅटरीत आणि एका सौरपॅनेलात सहज बसते. भिंती व छतात बंद पेशींच्या फोमचा उष्णतारोधक थर, पांढरे छत, समोरासमोर उघडणाऱ्या जाळीच्या खिडक्या आणि बाहेर ओढता येणारी कनात यांवर खर्च केला तर पंख्यावर भागण्याचे दिवस वाढतात. कोकणात एप्रिल-मेमध्ये तरीही भागणार नाही. पण सह्याद्रीच्या माथ्यावर, भंडारदरा किंवा माळशेजला, बहुतेक रात्री भागेल.

बाहेरून वीज जोडताना एक धोका अगदी घरगुती रूपात येतो. सोसायटीच्या आवारात उभी केलेली गाडी पहिल्या मजल्यावरून टाकलेल्या वायरने जोडली जाते. गाडी रबरी टायरांवर उभी असल्याने तिचा लोखंडी सांगाडा जमिनीपासून विलग असतो. आत एखादी तार खरचटून सांगाड्याला टेकली तरी काहीच घडत नाही. फ्यूज उडत नाही, दिवे चालू राहतात. पावसात ओल्या जमिनीवर उभे राहून कोणी दाराची मूठ धरली की त्या माणसाच्या देहातून प्रवाह जमिनीत उतरतो. तीन तारांची जोडणी, तपासलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी यांना त्यामुळे पर्याय नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या बऱ्याच गाड्यांतील अल्टरनेटर संगणकनियंत्रित असतात. त्यांवरून घरातील बॅटरी भरण्यासाठी मधे डीसी-डीसी चार्जर लागतो, थेट तार जोडून चालत नाही. जुन्या कारागिरांच्या हातून होणारी ही एक नेहमीची चूक आहे.

पाणी, वजन आणि घाट

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चौघांच्या कुटुंबाने माणशी दिवसाला वीस लिटर इतक्या काटकसरीने भागवले तरी तीन दिवसांना २४० लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटरचा निकष धरला जातो, हे लक्षात घेता ही काटकसर किती मोठी आहे हे कळेल. या पाण्याचे ओझे कोठे ठेवायचे हा प्रश्न टाकी किती मोठी असावी याहून महत्त्वाचा आहे. टाकी खाली, आसांच्या मध्ये असावी आणि आत आडव्या पट्ट्या असाव्यात. अर्धी भरलेली पट्टीविहीन टाकी वळणावर गाडीला हेलकावा देते. कसारा किंवा बोर घाट उतरताना त्याचा प्रत्यय येतो. ट्रेलरच्या बाबतीत वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या आकड्यावर यावा लागतो. मागचा भाग जड झाला की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि ब्रेक दाबल्याने ते हलणे वाढते. जोडणीच्या पुढे वा मागे सामान कसे रचायचे हे शिकणे कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचे आहे.

म्हणून वाहन भरून, पाणी घेऊन, माणसे बसवून वजनकाट्यावर नेणे ही नवी गाडी घेतल्यानंतरची पहिली सहल असावी. नोंदणीपुस्तकातील कमाल वजनाशी आकडा ताडून पाहिल्यावर संगमरवरी ओटा आणि दुसरा शीतकपाट आपोआप यादीतून गळतात. टायरांबाबत एक सूचना पुरे : कॅराव्हॅन धावते कमी, उभी राहते जास्त, तिचे टायर झिजण्याआधी जुने होतात. नक्षी पाहू नये, बाजूवर कोरलेला निर्मितीचा आठवडा व वर्ष पाहावे.

पाऊस आणि बाहेर पडण्याची वाट

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. बंद मोटारींत अडकून काही जण दगावले. अंधेरीचा भुयारी मार्ग आजही दरवर्षी पाण्याखाली जातो. अशा शहरात बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि विजेची जोडपेटी फरशीखालच्या कप्प्यात ठेवणे चूक आहे. त्या आत, गुडघ्याच्या उंचीवर असाव्यात. छतावरील पंखा, सौरपॅनेल आणि वातानुकूलन यंत्र यांच्यासाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाचे लुकण दरवर्षी मे महिन्यात तपासावे लागते. साधे प्लायवूड दमट हवेत दोन पावसाळ्यांत फुगते; जलरोधक प्लाय किंवा अ‍ॅल्युमिनिअमची चौकट महाग वाटली तरी शेवटी स्वस्त पडते. उंचीचाही विचार हवा. बोरिवली-मुलुंडच्या नव्या इमारतींत वाहनतळ स्टिल्टखाली किंवा पोडियमवर असतो. छतावर यंत्रे लादलेली गाडी तेथे शिरत नाही, आणि मग तिला वर्षभर रस्त्यावर उभी करण्याची वेळ येते.

बाहेर पडण्याच्या दुसऱ्या वाटेचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. बस दाराच्या बाजूवर पडल्याने दार निरुपयोगी ठरले होते. कॅराव्हॅनमध्ये तर एकच दार, त्यापुढे ओटा आणि मागे पलंग अशी रचना सर्रास आढळते. दाराच्या विरुद्ध बाजूस किंवा मागे, आतून हत्याराविना उघडणारी, माणूस सहज निघेल एवढी खिडकी हवी. पलंगाच्या हाताशी काच फोडण्याचा हातोडा हवा. अग्निशामक दोन हवेत : एक दाराजवळ, दुसरा शेगडीपासून दूर. शेगडीच्या मागेच टांगलेला अग्निशामक आग लागल्यावर हाताला येत नाही.

मलजल : वाहनाबाहेरची सोय

कॅराव्हॅनमधील शौचालय हा विक्रेत्यांच्या माहितीपत्रकातील अभिमानाचा विषय असतो. त्याच पत्रकात भरलेली टाकी कोठे रिकामी करावी याबद्दल एक ओळही नसते. सुट्या पेटीचे, म्हणजे कॅसेट प्रकारचे शौचालय सुमारे वीस लिटरचे असते आणि चौघांच्या कुटुंबाला दीड-दोन दिवस पुरते. ते हाताने काढून कोणत्याही शौचकूपात ओतता येते. मोठी स्थिर टाकी अधिक दिवस पुरते, पण ती रिकामी करण्यासाठी मलवाहिनीची जोडणी लागते. आपल्या परिस्थितीत कॅसेट प्रकारच शहाणपणाचा आहे, विक्रेते काहीही सांगोत. दुर्गंध मारण्यासाठी वापरली जाणारी फॉर्मल्डिहाइडयुक्त रसायने सेप्टिक टाकीतील जिवाणूंनाही मारतात. गावातील घराच्या वा विश्रामगृहाच्या सेप्टिक टाकीत ती ओतल्यास यजमानाची टाकी बिघडते. विकरांवर आधारित द्रावणे वापरावीत.

भांडी व अंघोळीचे सांडपाणीही साठवावे लागते, हे तर अनेकांना ठाऊकच नसते. त्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीएवढी असावी, हा साधा नियम आहे. ती नसली की नळीचे टोक रस्त्याकडेच्या गटाराकडे वळते. उपनगरांतील पर्जन्यजलाची गटारे दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांना मिळतात आणि तेथून खाडीला व समुद्राला. पावसाळी गटार व मलवाहिनी या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, हे शिकलेल्या माणसालाही अनेकदा माहीत नसते.

पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांचे रूपांतर स्त्रियांसाठीच्या ‘ती’ स्वच्छतागृहांत करण्यात आले. त्या उपक्रमाचे मर्म चाकांत नव्हते. बस एका जागी उभी करून तिला पाणी व मलवाहिनी जोडण्यात होते. कॅराव्हॅनलाही हेच हवे आहे, फक्त प्रवासातील काही मिनिटांपुरते. २०२१ च्या धोरणात कॅराव्हॅन वाहनाइतकाच कॅराव्हॅन पार्कचा विचार केला आहे तो यासाठीच. पर्यटन विकास महामंडळाची कार्ला, गणपतीपुळे, तारकर्ली, माळशेज येथील विश्रामस्थळे मुक्कामाच्या दृष्टीने सोयीची आहेत. परंतु प्रवासाचा आरंभ आणि शेवट उपनगरात होतो, आणि परतलेल्या गाडीची टाकी तेथेच रिकामी करावी लागते.

या प्रश्नात महाविद्यालयांचाही हितसंबंध आहे. भूगोल, वनस्पतिशास्त्र, इतिहास या विषयांच्या क्षेत्रअभ्यासात आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत विद्यार्थिनींच्या प्रसाधनाची अडचण हे सहल रद्द होण्याचे किंवा मुलींना घरून परवानगी न मिळण्याचे न बोलले जाणारे कारण असते. दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून भाड्याने घेतलेली, साध्या सोयींची एक गाडी बसच्या मागोमाग गेली तरी हे चित्र बदलू शकते. तिला पलंग लागत नाहीत, वातानुकूलन लागत नाही. दोन शौचालये, दोनशे लिटर पाणी, सांडपाण्याची टाकी, हात धुण्याचा नळ, छतावरचा पंखा, कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र, आणि व्हॅनिटी व्हॅनवर असतो तसा एक जाणता माणूस, एवढे पुरे. त्या माणसाचे वेतन हा या व्यवस्थेतील सर्वांत आवश्यक आणि सर्वांत आधी कापला जाणारा खर्च ठरू नये.

बृहन्मुंबईचे मलजल सात विभागांत गोळा केले जाते. त्यांपैकी वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर हे पाच उपनगरांत आहेत. या पाच केंद्रांच्या फाटकाजवळ उताराचा एक सिमेंटचा ओटा, झाकण असलेले मलवाहिनीचे तोंड, धुण्यासाठी एक नळ आणि स्पर्श न होणारी पाण्याची स्वतंत्र तोटी बांधण्यास फार मोठी योजना लागत नाही. पश्चिम द्रुतगती मार्गाने परतणाऱ्या गाडीला वर्सोवा किंवा मालाड, तर नाशिककडून मुलुंडमार्गे येणाऱ्या गाडीला भांडुप वाटेवरच आहे. तेथे चित्रीकरणाहून परतणारी व्हॅनिटी व्हॅनही थांबेल, आणि विद्यार्थिनींची गाडीही.